‘ड्रॉ’ आणि ‘काढणे’

लांबलचक इंग्रजी शब्द दिसला म्हणजे विद्यार्थी कोश उघडतो. लहान शब्द दिसला म्हणजे तो तसाच पुढे जातो. लहान शब्द आपणांस येतात अशी त्याची समजूत असते. वर्गात इतकी वर्षे इंग्रजी शिकविल्यावर आमचे मत असे झाले आहे की, विद्यार्थ्याची फसगत होते ती बहुधा ह्या लहान शब्दांपाशीच. त्यांपैकी एकाची हकीकत विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडण्याचे ह्या अंकाच्या निमित्ताने योजिले आहे. तो शब्द ‘ड्रॉ’. भूतकाळी त्याचे रूप ‘ड्रू’ व धातुसाधित ‘ड्रॉन’. ‘ड्रॉड’ असे रूप इंग्रजी भाषेत नाही, जरी आमच्या उत्तरपत्रिकांत ते दरवर्षी आढळते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा पनवेल तालुक्यात विटांचा धंदा होता. एका गिऱ्हाइकाने दिलेला धनादेश बँकेतून परत आला. सोबत एक चिठोरी होती व तीवर तीन इंग्रजी शब्द होते: ‘रेफर टु ड्रॉअर’. वडिलांनी ती मुलास वाचावयास दिली. मुलगा नववीत, इंग्रजीत वर्गात पहिला. ‘रेफर टु’ म्हणजे एखादी वस्तू उघडून पाहणे, जसा कोश पाहावा. ‘ड्रॉअर’ म्हणजे खण. तेव्हा चिठोरीचा अर्थ त्याने सांगितला, ‘खण पाहावा’. त्या गृहस्थांनी प्रथम घरातील कपाटाचे खण पाहिले. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन कारकुनास म्हणाले, “साहेब, आपल्या टेबलाचा खण एकदा नीट पाहता का?” खिडकीपाशी उभे असलेले लोक हसले. गृहस्थ मानी स्वभावाचे. ते परत फिरले ते पुन्हा त्या खिडकीशी गेले नाहीत. पालकसभेच्या दिवशी त्यांनी ती चिठोरी आमच्या हाती दिली, तेव्हा ती येऊन सव्वीस दिवस लोटले होते.

चिठोरीवरचा ‘ड्रॉअर’ लाकडाचा नव्हता, हाडामांसाचा होता. ज्याने धनादेश काढला त्यासच विचारावे, असा त्या तीन शब्दांचा अर्थ. आणि बहुतेक प्रसंगी त्यामागील सभ्यपणे न उच्चारलेला अर्थ हा की, त्याच्या खात्यात पुरेसा पैसा नाही. धनादेश न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत देणेकऱ्यास लेखी नोटीस द्यावी लागते, व ती मिळाल्यावर पैसे चुकते करण्यास त्यास पंधरा दिवसांची सवड असते. १८८१ च्या नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टाच्या १३८ व्या कलमात हे सांगितले आहे. आमच्या पालकांपाशी चार दिवस उरले होते. त्याच सायंकाळी त्यांस वकिलांकडे धाडिले. नोटीस मुदतीत गेली, व पैसे पुढे दोन हप्त्यांनी हाती आले. चूक मुलाची म्हणावी, तर त्याच्या वहीत ‘ड्रॉअर म्हणजे खण’ हे आम्हीच लिहून दिले होते आणि त्याखाली बरोबरची लाल खूणही आमचीच होती. तेव्हापासून आम्ही हा शब्द निराळ्या रीतीने शिकवितो.

‘ड्रॉ’चा मूळ अर्थ ओढणे. जुन्या इंग्रजीतील ‘द्रागन’ ह्या क्रियापदापासून तो आला आहे. फरफटत ओढणे ह्या अर्थाचा ‘ड्रॅग’ हा त्याचा भाऊबंद. (मुखातून ज्वाळा सोडणाऱ्या ड्रॅगनचा येथे काही संबंध नाही, वर्गात हा प्रश्न हमखास निघतो म्हणून आधीच सांगून ठेवितो.) पूर्वी पनवेल बंदरात उतरलेला माल बैलगाड्यांतून बोरघाटाकडे जात असे. घाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. त्या गाड्या ओढणाऱ्या बैलांचे वर्णन इंग्रजीत करावयाचे झाल्यास हेच क्रियापद योजावे लागेल. टेबलाचा खणही आपण आपल्याकडे ओढतो, म्हणून तो ‘ड्रॉअर’.

आता मौज अशी की, आपल्या ‘काढणे’ ह्या क्रियापदाचे मूळही ओढण्यातच आहे. प्राकृत भाषेत ‘कड्ढ’ हा धातू ओढणे ह्या अर्थी येतो. त्याचेच हे मराठी रूप. म्हणजे हे दोन शब्द एकमेकांचे नातलग नसताही एकाच ठिकाणाहून निघाले आणि पुष्कळ अंतर बरोबरीने चालले. विहिरीतून पाणी काढितात, दोन्ही भाषांत. हिरडीतून दात काढितात, शिरेतून रक्त काढितात, पुराव्यावरून अनुमान काढितात, पात्रातून चिठ्ठी काढितात, पेढीतून पैसा काढितात. ह्या सर्व ठिकाणी इंग्रजीत ‘ड्रॉ’ चालतो. मोशे ह्या नावाची फोड शास्त्रात ‘पाण्यातून काढलेला’ अशी केली आहे. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात इंग्रजीत ‘ड्रॉ’ आहे व मराठीत ‘काढणे’. चित्राचे कसे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच घरात आहे. आपण रेघ ‘ओढतो’ व चित्र ‘काढतो’. लेखणी कागदावरून ओढली म्हणजे रेघ होते, आणि रेघांचे चित्र होते. इंग्रज मनुष्य दोहोंस ‘ड्रॉ’ म्हणतो. आपली भाषा काही ठिकाणी त्याहून सूक्ष्म आहे: पोहऱ्याने पाणी ‘शेंदतो’, मोठ्या प्रमाणात असल्यास ‘उपसतो’, तलवारही ‘उपसतो’. निराळ्या हालचालींस असे निराळे शब्द असताना विद्यार्थी निबंधात सर्वत्र ‘काढणे’ लिहितात, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

परंतु ही सोबत शेवटपर्यंत टिकत नाही. मराठीत छायाचित्र काढितात, तिकीट काढितात, शाळा काढितात, मासिक काढितात, अंगातला सदरा काढितात; इंग्रजीत ह्यांतील एकाही ठिकाणी ‘ड्रॉ’ चालत नाही. एका विद्यार्थ्याने ‘तो वर्गात दात काढीत होता’ ह्याचे भाषांतर शब्दशः केले. ते वाचून असे वाटावे की, त्या मुलाने चिमटा घेऊन स्वतःचे दात उपटण्यास आरंभ केला आहे! उलट बाजूनेही तसेच. पडदा ‘ड्रॉ’ केला असे वाचले तर तो उघडला की लावला, हे पुढचे वाक्य वाचल्याखेरीज कळत नाही, कारण ओढणे दोन्हीकडे होते. सामना ‘ड्रॉ’ झाला म्हणजे बरोबरीत किंवा अनिर्णित राहिला. न्हावाशेव्याच्या बंदरात, जे १९८९ पासून चालू आहे, मोठी जहाजे येतात. जहाज अमुक मीटर पाणी ‘ड्रॉ’ करते असे म्हटले तर ते पाणी काढीत नाही, तितके पाण्याखाली बुडलेले असते, एवढाच अर्थ. आणि ‘ड्रॉइंग रूम’मध्ये चित्रे काढीत नाहीत. तो मूळचा ‘विथड्रॉइंग रूम’, म्हणजे भोजनानंतर मंडळींनी उठून जाऊन बसावयाची खोली.

ह्या ‘विथ’पाशी थोडे थांबले पाहिजे. ‘सह’ ह्या अर्थाचा जो ‘विथ’ विद्यार्थ्यांस ठाऊक आहे तो येथे बसत नाही. येथे त्याचा जुना अर्थ आहे, मागे किंवा दूर. ‘विथड्रॉ’ म्हणजे मागे ओढून घेणे. सैन्य माघारी येते, फिर्यादी तक्रार मागे घेतो, वक्ता शब्द मागे घेतो, आणि ठेवीदार आपला पैसा काढून घेतो. टपाल कचेरीच्या बचत बँका १८८२ साली सुरू झाल्या. तेव्हापासून कित्येक कुटुंबांत इंग्रजीचा पहिला उपयोग पैसे काढण्याचा कागद भरण्यासाठीच झाला असेल. ह्या शब्दाचे वजन पनवेलकरांस सांगावयास नको. येथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर रिझर्व बँकेने २०२० साली निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा परवाना रद्द केला. ठेवीदाराचा पैसा त्याचाच असून त्यास तो काढता येईना. अशा प्रसंगी ठेव विम्यातून दर ठेवीदारास त्या बँकेतील ठेवींबद्दल व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते; ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची, पूर्वी ती एक लाखाची होती. त्याहून अधिक ठेव असल्यास उरलेल्या रकमेसाठी बँकेच्या मालमत्तेची विल्हेवाट लागेपर्यंत वाट पाहावी लागते. हे पालकांनी आपल्या मुलांस समजावून सांगावे. पाठ्यपुस्तकात ते बहुधा सापडणार नाही.

धनादेशाकडे पुन्हा वळू. त्यात तिघे जण असतात. जो काढतो तो ‘ड्रॉअर’. ज्याच्यावर काढला जातो तो ‘ड्रॉई’, म्हणजे बँक. ज्यास पैसे मिळावयाचे तो ‘पेई’. शेवटी ‘अर’ आला तर करणारा, ‘ई’ आला तर ज्याच्याकडे क्रिया वळते तो. एवढी खूण ध्यानात ठेविली तर ‘एम्प्लॉयर’ व ‘एम्प्लॉयी’ ह्यांचाही घोटाळा होणार नाही. ‘वर’ काढणे हा प्रयोग आपणांस परका नाही. मुंबईच्या पेढीवर पुण्याच्या व्यापाऱ्याने हुंडी काढली, असे आपले पूर्वज म्हणतच होते. ती दाखविताच पैसे द्यावयाचे असल्यास दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनी द्यावयाचे असल्यास मुदती हुंडी. १८८१ चा कायदा झाला तेव्हाही देशी भाषांत लिहिलेल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींस त्याने धक्का लाविला नाही; तसे पहिल्याच कलमात नमूद आहे. धनादेश म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बँकेवर काढलेली व मागताक्षणी फेडावयाची हुंडीच होय. ‘ड्राफ्ट’ हे ‘ड्रॉ’चेच नाम, बँकेच्या एका शाखेने आपल्याच दुसऱ्या शाखेवर काढला म्हणजे तो डिमांड ड्राफ्ट. खात्यात आहे त्याहून अधिक काढण्याची मुभा ती ‘ओव्हरड्राफ्ट’. येथे एक सूचना: मराठीत कर्जही ‘काढितात’, परंतु कर्ज घेतले असे इंग्रजीत सांगताना ‘ड्रॉ’ लिहू नये. मंजूर झालेल्या कर्जातून हप्त्याने रक्कम उचलली तर मात्र तेथे ‘ड्रॉ’ येतो.

सरकारी कचेऱ्यांत ‘ड्रॉइंग’ साठी ‘आहरण’ असा संस्कृत शब्द योजिला आहे. पगाराची बिले ज्यांच्या सहीने निघतात ते ‘आहरण व संवितरण अधिकारी’. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा आम्हांस अपहरणाची आठवण झाली, आणि महिनाअखेरीस कधी कधी अजून होते. हिशेबनीस ह्यापेक्षा बरा शब्द वापरतात. मालकाने धंद्यातून स्वतःच्या खर्चासाठी पैसा घेतला म्हणजे जमाखर्चाच्या वहीत त्यास ‘उचल’ म्हणतात, इंग्रजीत ‘ड्रॉइंग्ज’.

ह्या ‘उचल’ शब्दाचे दुसरेही एक ठिकाण आहे. आपल्या जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर काम करणारी कातकरी कुटुंबे पावसाळ्यात, घरी धान्य नसताना, पुढील हंगामाच्या मजुरीपोटी मालकाकडून जी रक्कम घेतात तीसही उचलच म्हणतात. एकाच भट्टीच्या दोन वह्यांत हा शब्द आढळू शकेल. मालकाची उचल त्याच्या स्वतःच्या भांडवलातून वजा होते. मजुराची उचल त्याच्या हातांतून वजा होते, आणि हंगाम संपूनही फिटली नाही तर पुढील हंगाम तिने आधीच बांधलेला असतो. अशा कर्जापोटी माणसास कामावर बांधून ठेवण्यास १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने मनाई आहे. ज्या मुलाच्या वहीत आम्ही चुकीचा अर्थ लिहून दिला, त्याच्याच वर्गात अशा एका कुटुंबातील मुलगी होती. ‘ड्रॉइंग्ज’चा अर्थ वर्गात सांगितला तेव्हा तिने हात वर करून विचारले, “सर, उचल फेडावी लागत नाही, असे कसे?” तिला उत्तर देण्यास आम्हांस तासाचा उरलेला सर्व वेळ लागला, व तरी ते पुरे झाले असे वाटत नाही.

सुटीत भाषांतरासाठी पाच वाक्ये देतो. ‘आजोबांनी टपाल कचेरीतून दोन हजार रुपये काढले. ताईने दारात रांगोळी काढली. मामाने म्हैस घेण्यासाठी कर्ज काढले. व्यापाऱ्याने आपल्या बँकेवर धनादेश काढला. आईने ते वर्ष मोठ्या कष्टाने काढले.’ ‘ड्रॉ’ कोठे चालतो व कोठे चालत नाही हे प्रत्येक वाक्याखाली कारणासह लिहावे. पाचव्या वाक्यासाठी दोन-तीन इंग्रजी क्रियापदे सुचतील. त्यांतील कोणते का निवडले, हे आईस वाक्य वाचून दाखवून मग लिहावे.