पेत्र हरवलेला नाही गं

रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, ‘ताई, अब्राहाम सापडतो, पेत्र सापडतच नाही’, तेव्हाच मी ओळखलं, बाईसाहेब जेवण टाकून लॅपटॉपसमोर बसल्यात. आधी दोन घास खा. मग हे वाच.

खरं सांगू का, ग्रीक नव्या करारातली विशेषनामं तू हुशारीनं शोधलीस, पण खूण अपुरी निवडलीस. ‘एन-पीआरआय’ ही शब्दाला लावलेली व्याकरणाची खूण सगळ्याच विशेषनामांना लागत नाही. ज्यांचं रूप विभक्तीत बदलत नाही, त्यांनाच ती मिळते. अब्राहाम, इसहाक, दावीद ही हिब्रू नावं ग्रीकमध्ये जशीच्या तशी राहिली. पेत्र मात्र ग्रीक व्याकरणात मुरला: पेट्रोस, पेट्रू, पेट्रॉन. आपण नाही का ‘पेत्राचा’, ‘पेत्राला’ म्हणत, तसंच. म्हणून त्याच्यावर साध्या नामाची खूण असते, आणि पौलावरही. मी शिकत होते तेव्हा याच एका खुणेवर अख्खी यादी केली होती. देऊन झाल्यावर लक्षात आलं की तीत पौलच नाही. फार रडले होते गं. म्हणून तुला आजच सांगतेय.

मॉर्फजीएनटी या खुणा लावलेल्या ग्रीक पाठात तर विशेषनामाला वेगळी खूणच नाही. तिथे मूळ रूपाच्या रकान्यात बघ आणि मोठ्या अक्षरानं सुरू होणारे शब्द काढ. मजकुराच्या रकान्यात बघू नकोस, तिथे परिच्छेदाचा पहिला शब्दही मोठ्या अक्षरानं सुरू होतो. आणि हे मोठं अक्षर संपादकानं दिलेलं आहे, बरं का. चौथ्या शतकातल्या कोडेक्स सिनाइटिकसमध्ये सगळीच अक्षरं मोठी, शब्दांमध्ये जागाही नाही. त्यामुळे ‘ख्रिस्तोस’ नाव धरायचं की पदवी, हे तू ठरव आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आता सारख्या नावांचं बघ. आपलं मुरुडच घे. एक आपलं जंजिऱ्याचं, एक दापोलीजवळचं, एक लातूरकडचं. कुणी मुरुड लिहितं, कुणी मुरूड. यंत्राला एकच मुरुड सांगितलंस तर तिन्ही गावं एका टोपलीत येतील आणि दीर्घ ‘रू’नं लिहिलेलं बाहेर राहील. ग्रीकमध्ये अंत्युखियाचं असंच आहे, एक सिरियातलं, दुसरं पिसिदियाचं. दावीदाची अक्षरं प्रतीगणिक बदलतात, कुठे ‘दाउइद’, कुठे ‘दाबिद’. यरुशलेमाची तर नव्या करारातच दोन रूपं आहेत, ‘हिएरूसालेम’ आणि ‘हिएरोसोलुमा’. दोन्ही शोधायची, कंटाळायचं नाही.

उलटा गोंधळही बघ. मराठीत आपण दोघांनाही याकोब म्हणतो. ग्रीकमध्ये इसहाकाचा मुलगा ‘इआकोब’ आणि पत्र लिहिणारा ‘इआकोबोस’. इथे ग्रीक आपल्यापेक्षा जास्त सांगते. यहोशवाच्या बाबतीत कमी सांगते: त्याचं आणि येशूचं नाव ग्रीकमध्ये एकच, ‘इएसूस’. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आठव्या वचनातला ‘इएसूस’ म्हणजे यहोशवा, हे संदर्भ वाचल्याशिवाय कळत नाही.

तू आपल्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल यहुद्यांच्या नावांशी हे जुळवते आहेस, याचं मला फार अप्रूप आहे. अब्राहामाचा अबाजी, इसहाकाचा इसाजी, शमुवेलाचा समाजी! इतकं रूप बदलूनही नाव टिकलं. तुझ्या यादीत ही माणसं नीट यायला हवीत, म्हणून मी मागे लागते. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, तेव्हा त्यांच्यापुढे शोधाची खिडकी नव्हती. एकेका वचनापाशी बसावं लागत होतं. तुलाही थोडं बसावं लागेल, आणि तुला ते जमतं.

आज फक्त मत्तयाचा पहिला अध्याय घे. दुसऱ्या वचनात ‘एन-पीआरआय’ लावलीस की अब्राहाम, इसहाक, याकोब येतील आणि यहूदा गळेल, कारण ‘इउदास’चं रूप चालतं. मग मूळ रूपावरून शोध, तोही येईल. पंधराव्या-सोळाव्या वचनांत पुन्हा ‘इआकोब’ भेटेल. तो योसेफाचा बाप, इसहाकाचा मुलगा नव्हे. खूण तीच, अक्षरं तीच, म्हणून त्याच्यापुढे हातानं लिही. फाईल लगेच सेव्ह कर, पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही. आणि डब्यातली पोळी खाल्लीस की नाही, ते कळव.