परतीचे बियाणे : कावेरी खोऱ्यातील भात महोत्सव आणि स्थानिक अन्नसंस्कृती

तंजावूर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पापनाशम हे लहानसे नगर वसलेले आहे. येथील पालैवननाथ मंदिराच्या आवारात विटांनी बांधलेले एक भव्य धान्यकोठार आजही उभे आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तंजावूरच्या नायक राजांच्या काळात ते बांधले गेले. त्याची उंची सुमारे ३६ फूट असून त्यात ३,००० कलम भात साठविण्याची सोय होती. कलम हे तमिळ प्रदेशातील धान्य मोजण्याचे जुने माप होय. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने हे कोठार संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केले आहे.

परिसरात पिकलेले धान्य परिसरातच साठवावे आणि तेथील स्वयंपाकघरांत शिजावे, ही व्यवस्था या कोठाराच्या मुळाशी होती. आज ‘स्थानिक अन्न’, ‘शाश्वत आहार’ या नावांनी जगभर ज्या चळवळी चालू आहेत, त्यांचा आशयही यापेक्षा फार वेगळा नाही. मात्र कोठार स्मारक म्हणून जतन करता येते. त्यात साठविले जाणारे वाण तसे जतन करता येत नाहीत. ते दरवर्षी शेतात पेरावेच लागतात. त्यासाठी कावेरी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी उभारलेल्या भात महोत्सवाची कार्यपद्धती विस्तार कार्यकर्त्यांनी आणि प्रगतशील शेतकऱ्यांनी अभ्यासण्यासारखी आहे.

संथ अन्न चळवळीची पार्श्वभूमी

रोम शहरातील एका ऐतिहासिक चौकात झटपट खाद्यपदार्थांचे परदेशी उपाहारगृह उघडण्यास १९८६ मध्ये विरोध झाला. त्यातून कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकाराने ‘स्लो फूड’ म्हणजे संथ अन्न चळवळ आकारास आली. १९८९ मध्ये पॅरिस येथे तिचा जाहीरनामा स्वीकारण्यात आला. अन्न चवीला उत्तम, निसर्गास अपाय न करणारे आणि उत्पादकास न्याय्य मोबदला देणारे असावे, ही तिची त्रिसूत्री आहे. हाच विचार नगररचनेस लागू करून १९९९ मध्ये इटलीत ‘चित्तास्लो’ म्हणजे संथ नगरांचे जाळे स्थापन झाले. ५०,००० पेक्षा कमी लोकवस्तीच्या नगरांनाच त्याचे पूर्ण सदस्यत्व मिळते.

युरोपातील या चळवळीचा आरंभ भोजनाच्या मेजापासून झाला. कावेरी खोऱ्यात मात्र तो बियाण्यापासून झाला. याचे कारण त्या प्रदेशाच्या कृषी इतिहासात सापडते.

भाताच्या कोठारातील वाणांची घट

१९६०-६१ मध्ये सुरू झालेल्या सघन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी देशातील जे पहिले सात जिल्हे निवडले गेले, त्यांत तंजावूरचा समावेश होता. त्याच जिल्ह्यातील आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र कार्यरत आहे. या केंद्राने विकसित केलेला एडीटी-२७ हा वाण १९६० च्या दशकात खोऱ्यात वेगाने पसरला. सुधारित वाणांमुळे धान्याची टंचाई दूर झाली आणि कमी कालावधीच्या वाणांमुळे कुरुवई व ताळडी अशी दोन पिके घेणे सुकर झाले. हे योगदान नाकारता येणार नाही.

या स्थित्यंतराची दुसरी बाजूही होती. उंच वाढणारे, दीर्घ कालावधीचे, पाणथळ किंवा खारवट जमिनीत तग धरणारे अनेक पारंपरिक वाण लागवडीतून मागे पडले. काट्टुयानम हा सुमारे १८० दिवसांचा, अतिशय उंच वाढणारा लाल तांदूळ. त्याच्या पिकात हत्तीही दिसेनासा होतो, असे त्याच्या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. कुळियडिच्चान हा क्षार सहन करणारा वाण आहे. माप्पिळ्ळै सांबा म्हणजे जावयाचा भात. करुप्पु कवुनी काळ्या दाण्याचा, तर सीरग सांबा जिऱ्यासारख्या बारीक दाण्याचा. आपल्याकडील जिरेसाळ या नावाशी त्याचे साम्य सहज लक्षात यावे. पीक लागवडीतून गेले की काही वर्षांत बियाणेही नाहीसे होते, कारण उष्ण आणि दमट हवेत साध्या साठवणीतील भाताची उगवणक्षमता एक-दोन वर्षांतच खालावते.

मराठी वाचकांना येथे एक तुलना उद्बोधक वाटेल. तंजावूरच्या मराठा राजवटीत पाकशास्त्रावर आस्थेने लेखन झाले. रघुनाथ पंडितांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ आणि सरफोजी राजांच्या काळातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ ही त्याची उदाहरणे होत. ग्रंथालयातील पोथी शतकानुशतके टिकू शकते. तिच्यातील पाककृतीस लागणारा तांदूळ मात्र शेतकऱ्याने हंगामात पेरला तरच टिकतो.

नेल तिरुविळा : महोत्सवाचे स्वरूप

‘नेल’ म्हणजे साळ आणि ‘तिरुविळा’ म्हणजे उत्सव. नैसर्गिक शेतीचे प्रचारक जी. नम्माळवार यांचा जन्म तंजावूर जिल्ह्यातच झाला होता. त्यांच्या सहवासात असलेले कार्यकर्ते जयरामन यांनी २००३ मध्ये पूम्पुहार ते कल्लणै या पदयात्रेत भाग घेतला. यात्रेदरम्यान शेतकऱ्यांकडे टिकून राहिलेले काही पारंपरिक वाण हाती आले आणि संकलनाच्या कार्यास प्रारंभ झाला. पुढे २००६ मध्ये पापनाशमच्या आग्नेयेस, तिरुवारूर जिल्ह्यातील तिरुत्तुरैपूंडीजवळच्या आदिरंगम या गावी पहिला भात महोत्सव भरविण्यात आला. हा भागही पूर्वी अविभाजित तंजावूर जिल्ह्यातच होता. जयरामन ‘नेल जयरामन’ याच नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांनी सुमारे १७० पारंपरिक वाणांचे संकलन केले.

महोत्सव पेरणीच्या हंगामापूर्वी भरतो. त्यात वाणांचे प्रदर्शन, शेतकरी व तज्ज्ञ यांची चर्चासत्रे आणि पारंपरिक तांदळाचे भोजन यांचा समावेश असतो. मात्र त्याचा कणा आहे तो बियाणे वाटपाचा नियम. शेतकऱ्यास पसंतीच्या वाणाचे दोन किलो बियाणे विनामूल्य दिले जाते आणि पुढील वर्षी त्याने चार किलो परत आणावे, अशी अपेक्षा असते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळाने या परिसरात मोठी हानी केली. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, ६ डिसेंबर २०१८ रोजी, जयरामन यांचे निधन झाले. तरीही महोत्सवाची परंपरा खंडित झाली नाही. राज्य शासनाने पारंपरिक भात वाणांच्या संवर्धनासाठी त्यांच्या नावाने स्वतंत्र अभियानही सुरू केले. बियाणे अनेक गावांतील शेतांत विखुरलेले असल्याने संस्थापकाच्या पश्चातही कार्य चालू राहू शकले.

दोन किलोस चार किलो : नियमाचे गणित

हा नियम शेतकऱ्यावर भार टाकीत नाही. एकरी २० किलो बियाणे धरल्यास दोन किलोत चार गुंठे लागवड होते. एकरी १० क्विंटल इतके माफक उत्पादन गृहीत धरले तरी त्या चार गुंठ्यांत सुमारे १०० किलो साळ मिळते. त्यातून चार किलो परत करणे कोणासही अवघड नाही. एक-एक रोप लावण्याची ‘श्री’ पद्धत अवलंबिल्यास दोन किलो बियाणे एक एकरासही पुरते.

आयोजकांच्या दृष्टीने मात्र परतफेडीचे प्रमाण निर्णायक ठरते. समजा, १०० शेतकऱ्यांना एकूण २०० किलो बियाणे दिले.

• ८० शेतकऱ्यांनी परत केल्यास ३२० किलो जमा होते व पुढील वर्षी १६० शेतकऱ्यांना देता येते.
• ५० शेतकऱ्यांनी परत केल्यास २०० किलो जमा होते. साठा जेवढ्यास तेवढा राहतो.
• ४० शेतकऱ्यांनीच परत केल्यास १६० किलो जमा होते. पुढील वर्षी केवळ ८०, त्यानंतर ६४ शेतकऱ्यांपुरते बियाणे उरते.

म्हणजेच निम्मी परतफेड ही सीमारेषा आहे. परत आलेल्या बियाण्यापैकी पाचवा हिस्सा भेसळ वा अपुरी उगवण यांमुळे नाकारावा लागल्यास ही रेषा शंभरातील ६३ शेतकऱ्यांपर्यंत वर सरकते. हा हिशेब वाणनिहाय ठेवणे आवश्यक आहे. लोकप्रिय वाणाचे बियाणे भरपूर जमा होते आणि एकूण आकडा समाधानकारक दिसतो; त्याच वेळी एखादा दुर्मीळ वाण नकळत संपलेला असू शकतो.

बाजार, गिरणी आणि स्वयंपाकघर

बियाणे परत येण्यासाठी शेतकऱ्याने ते पुन्हा पेरावयास हवे आणि त्यासाठी उत्पादनास भाव मिळावयास हवा. किमान आधारभूत किमतीच्या व्यवस्थेत साळीच्या सर्वसाधारण आणि ‘अ’ या दोनच प्रती आहेत. २०२५-२६ हंगामासाठी त्यांचे दर क्विंटलला अनुक्रमे २,३६९ आणि २,३८९ रुपये आहेत. काळ्या, लाल वा सुवासिक पारंपरिक वाणास तेथे वेगळा दर नाही. असे वाण सामान्यतः सुधारित वाणांपेक्षा कमी उत्पादन देतात. नत्राची मात्रा वाढविल्यास उंच पीक लोळते, त्यामुळे खत वाढवून ही तूट भरून काढता येत नाही. म्हणून थेट ग्राहक नसेल तर शेतकऱ्याचे नुकसान होते, ही वस्तुस्थिती प्रचाराच्या उत्साहात झाकली जाऊ नये.

दुसरी अडचण भरडाईची आहे. मोठ्या गिरणीत दोन-चार क्विंटलचा वेगळा घाणा काढणे परवडत नाही आणि काढला तरी मागील धान्याची भेसळ होते. शिवाय लाल व काळ्या तांदळाचे वैशिष्ट्य त्याच्या कोंड्याच्या थरात असते; अधिक पॉलिश केल्यास तेच निघून जाते. गटाच्या मालकीची लहान भरडाई यंत्रणा नसल्यास महोत्सवातील चव घरोघरी पोहोचत नाही.

तिसरा दुवा स्वयंपाकघराचा. दीर्घकाळ भिजवावा लागणारा, सावकाश शिजणारा तांदूळ ग्राहकाने नेहमीच्या पद्धतीने शिजविला, तर तो पुन्हा खरेदी करीत नाही. महोत्सवातील भोजनाचे महत्त्व यातच आहे. कोणता तांदूळ पेजेस, कोणता इडलीस, कोणता गोड पदार्थास योग्य, हे तेथे प्रत्यक्ष समजते.

महाराष्ट्रासाठी बोध

कावेरी खोऱ्यातील दीर्घ कालावधीचे वाण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसावर वाढतात. आपल्याकडे पाऊस त्यापूर्वीच ओसरतो. त्यामुळे ते वाण आणण्यापेक्षा तेथील कार्यपद्धती स्वीकारणे हितावह ठरेल. आजरा घनसाळ, आंबेमोहर, भंडाऱ्याचा चिन्नोर, वाडा कोलम अशी भौगोलिक मानांकन लाभलेली संपदा आपल्याकडे आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील पद्मश्री राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेचा आदर्शही समोर आहे. दरवर्षी होणाऱ्या रानभाजी आणि धान्य महोत्सवांना पुढील बाबींची जोड द्यावी.

१. महोत्सव पेरणीपूर्वी भरवावा व प्रत्येक वाणाची परतफेड नोंदवही ठेवावी. पुढील महोत्सवात ती सर्वांसमोर वाचून दाखवावी.

२. कोणत्याही वाणाचे संपूर्ण बियाणे वाटू नये. किमान दोन गावांत राखीव साठा ठेवावा.

३. भात स्वपरागसिंचित असल्याने शेजारील वाणापासून तीन मीटर अंतर पुरेसे होते. फुलोऱ्यात व कापणीपूर्वी भेसळीची झाडे उपटून टाकावीत.

४. बियाणे १३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी. ८० पेक्षा कमी दाणे उगवल्यास ते बियाणे वाटपासाठी घेऊ नये.

५. नवीन शेतकऱ्याने प्रथम वर्षी चार-पाच गुंठ्यांपेक्षा अधिक क्षेत्र या वाणांखाली आणू नये. खरेदीदार निश्चित झाल्यावरच क्षेत्र वाढवावे.

६. स्थानिक खाणावळी, वसतिगृहे आणि महिला बचत गट यांना महोत्सवापूर्वीच चर्चेत सामील करून घ्यावे.

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्यास बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विकण्याचा हक्क आहे. केवळ संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. त्यामुळे अशा विनिमयास कायद्याचे पाठबळ आहे.

सारांश

अन्न महोत्सवाचे मोजमाप बहुधा उपस्थितीने, दालनांच्या संख्येने आणि दोन दिवसांतील विक्रीने केले जाते. कावेरी खोऱ्यातील अनुभव निराळा निकष पुढे ठेवतो : मागील वर्षी दिलेल्या बियाण्यापैकी किती, कोणत्या वाणाचे आणि कोणत्या प्रतीचे परत आले? पापनाशमच्या कोठाराची क्षमता कलमांत मोजली जात असे. आजच्या बियाणे कोठाराची क्षमता परतफेड नोंदवहीतील नावांवरून मोजावी लागेल.