फंडाची मर्यादा आणि उतारवयाची तरतूद

"पगारातून फंड कापला जातो, म्हणजे म्हातारपणाची सोय झाली," असे आपल्यातील अनेक नोकरदार बंधू-भगिनी समजतात. हा समज आपण आकड्यांवर तपासून पाहू.

भविष्य निर्वाह निधीत मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कामगाराची जमा होते. मालकही तितकीच भरतो. परंतु २०१४ साली ठरलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली, तर पगार ३०,००० असला तरी मालक १,८०० रुपयांवर थांबू शकतो. त्यातलेही १,२५० पेन्शन खात्यात जातात. फंडात पडतात अवघे ५५०!

मग जादा बचत कोठे करावी?

१) त्याच फंडात स्वेच्छेने जास्त वर्गणी भरता येते. मालकावर मात्र तितकी भर घालण्याचे बंधन नाही. आपली वर्गणी वर्षाला अडीच लाखांवर गेल्यास वरच्या रकमेच्या व्याजावर २०२१ पासून कर लागतो.

२) पोस्टात वा बँकेत पीपीएफ खाते उघडावे. वर्षाला किमान ५०० व कमाल दीड लाख रुपये. मुदत १५ वर्षे. यासाठी नोकरीची अट नाही. रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या भगिनी यांनाही ते खुले आहे.

३) राष्ट्रीय पेन्शन योजना २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. तिच्यात बाजाराचे चढउतार सोसावे लागतात.

नोकरी बदलताना फंड काढून खर्चू नये. नव्या खात्यात वर्ग करून घ्यावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर आई-वडिलांचे पगारपत्रक मागून घ्या, फंडाचा आकडा त्यांच्यासोबत बसून वाचा. हिशेब कळला, तरच तरतूद होते.