माजघराचा नकाशा

आमचे घर वाईस, कृष्णेच्या घाटापासून थोड्या अंतरावर आहे. घर जुने, माझ्या पणजोबांनी बांधलेले. पुढे ओसरी, मग चौक, चौकामागे माजघर आणि त्याला लागून स्वयंपाकघर, अशी त्याची रचना. जोते दगडी, खांब सागवानी आणि भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन-दोन फूट रुंद. पुण्याचा शनिवारवाडा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. 1828 साली तो आगीत सापडला, तेव्हा आतले लाकडी इमले जळून गेले; दगडी जोती मात्र अजून जागच्या जागी आहेत. जुन्या घरांची घडणच अशी की, खाली दगड आणि वर लाकूड. खांबसुद्धा जमिनीत रोवीत नसत. दगडी तळखड्यावर उभा करीत, म्हणजे ओल आणि वाळवी त्याच्यापर्यंत सहजी पोचत नसे.

या घरातले माजघर माझ्या आईचे. तिचे वय आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहे. काचबिंदूने तिची दृष्टी गेली, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. तरीही ती पहाटे उठते आणि कोणाचाही हात न धरता माजघरात वावरते. खाटेपासून खांब सात पावलांवर. खांबाच्या उजव्या हाताला मोठा कोनाडा, त्यात पाण्याचा तांब्या. तेथून भिंतीला हात लावीत गेले की उंबरठा. हा तिचा नित्याचा मार्ग.

खोलीची अवस्था मात्र वाईट झाली होती. दुपारीही दिवा लावावा लागे. पश्चिमेच्या भिंतीला लोणा लागून चुन्याचे पोपडे आईच्या खाटेवर पडत. तेव्हा पावसाळ्यापूर्वी माजघर नीट करावयाचे, असे आम्ही ठरविले. माझ्या मुलाने बेत आखला. उंबरठा काढून टाकायचा, म्हणजे आई अडखळणार नाही; खाली गुळगुळीत चकचकीत फरशी बसवायची; कोनाडे बुजवून भिंतभर कपाट करायचे. मलाही हे पटले होते, हे मी लपवीत नाही. एवढा विचार झाला; पण खोलीत जी राहते तिला एक शब्द विचारावा, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही.

सुटीत माझी नात आणि नातू आले होते. नकाशा काढण्याचे काम मी त्यांच्याकडे सोपविले. चौकटींचा कागद घेतला आणि एका फुटाला एक चौकट असे प्रमाण धरले. तुमच्या पुस्तकांत मीटर असतात, पण आमचा गवंडी अजून फुटांतच बोलतो, म्हणून आम्हीही फूटच धरले. खोली चौदा फूट लांब आणि अकरा फूट रुंद भरली. "झाला नकाशा!" असे म्हणून नातू उठू लागला. मी त्याला म्हटले, "आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके माप घे." एक कर्ण साडेसतरा फूट भरला, दुसरा अठरा फूट एक इंच! काटकोन चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे असतात, हे तुम्ही भूमितीत शिकता. म्हणजे आमची खोली काटकोनात नव्हती. शहरातून तयार कपाट आणून कोपऱ्यात उभे केले असते, तर मागे पाचर राहिली असती आणि तीत झुरळांनी संसार थाटला असता. मग मुलांनी पुठ्ठ्याचे तुकडे कापून खाट, पेटी, चौरंग त्याच प्रमाणात तयार केले आणि कागदावर ते सरकवून पाहू लागली. जड सामान हलविण्यापेक्षा पुठ्ठा हलविणे किती सोपे!

मापे घेताना नातीला एक गोष्ट दिसली. इतर कोनाडे वीतभर खोल होते. मोठा कोनाडा त्याहून पुष्कळ खोल होता. ती परसात जाऊन भिंत पाहून आली. बाहेर अगदी त्याच उंचीवर भाजलेल्या विटांचे चौकोनी ठिगळ होते. बाकीची भिंत तर मातीची!

"आजोबा, हा कोनाडा नाही, ही बुजवलेली खिडकी आहे! उद्याच फोडू या," नातू म्हणाला. त्याने पहारही शोधून ठेवली.

खाटेवरून आईचा आवाज आला, "विटांना हात लावू नका रे. आधी वरची तुळई बघा."

आम्ही सारे तिच्याकडे वळलो. आई सांगू लागली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर येथे मोठा भूकंप झाला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. भांडी फळीवरून खाली आली आणि उजाडेपर्यंत आम्ही सारे अंगणात थंडीत बसून होतो, एवढे मलाही आठवते. पण त्या धक्क्याने या खिडकीवरची लाकडी तुळई तडकली होती, हे मला ठाऊक नव्हते. "तुझ्या वडिलांनी विटा भरून घेतल्या," आई म्हणाली. "वरची भिंत आता त्या विटांवर बसली आहे. त्या काढाल तर ती कशावर बसेल?"

नातवाने पहार हळूच भिंतीला टेकवून ठेवली.

त्या संध्याकाळी मी आईपाशी बसलो आणि आमचा सारा बेत तिला वाचून दाखविला. उंबरठ्याचे ऐकून ती हसली. "उंबरठा काढलात तर खोली संपली हे मला कळणार कसे? तो माझ्या पायाला ठाऊक आहे. अडखळेन ती तुमच्या गुळगुळीत फरशीवर." मग नातीने भीत भीत विचारले, "पणजी, तुला दिसत नाही, तर मग खिडकी कशाला हवी?"

"मला नको गं. पण मला वर्तमानपत्र वाचून दाखवणाऱ्याला उजेड नको का? आणि वारा तर मलाही कळतो."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. तो माझा जुना विद्यार्थी. भिंतीवर बोटाने टिचकी मारून तो म्हणाला, "गुरुजी, खाली हे सिमेंट कोणी लावलं?"

ते मीच लावून घेतले होते. काही वर्षांपूर्वी भिंतीचा खालचा चुना झडू लागला, तेव्हा मला वाटले, सिमेंट बळकट, ते लावले की काम झाले. पण पुढच्याच पावसाळ्यात ओल सिमेंटच्या वर चढली. असे का झाले, ते पाहू या. खडूचे एक टोक शाईत बुडवा. शाई आपोआप वर चढते. याला केशाकर्षण म्हणतात. मातीची भिंतही जमिनीतले पाणी असेच वर ओढते. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी वाफ होऊन निघून जाते. सिमेंटमधून ते सहज जाऊ शकत नाही. म्हणून ते आणखी वर चढते आणि जेथे वाट सापडेल तेथे बाहेर पडते. पाणी उडून जाते, त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात, तोच लोणा. सिमेंट वाईट नव्हे, नव्या घरात ते उत्तम काम देते. पण मातीच्या भिंतीशी त्याचे जमत नाही.

तेव्हा नकाशा पुन्हा काढला. सिमेंट खरवडून भिंतीला चुन्याचा गिलावा द्यायचा. त्यासाठी कळीचा चुना पाण्यात विझवून बरेच दिवस मुरविला. चुना विझताना पाणी अक्षरशः उकळते आणि डोळ्यांत उडाल्यास फार इजा होते, म्हणून त्या दिवशी मुलांना परसात येऊ दिले नाही. गवंड्याने त्यात वाळू आणि गूळ-हिरड्याचे पाणी घातले. गिलावा वाळल्यावर चुना हवेतला कर्बवायू शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होऊन बसतो. त्याला घाई चालत नाही. आम्हांला मात्र पावसाची घाई होती!

खिडकीचे काम सर्वांत जपून झाले. आधी वरच्या भिंतीला लाकडी टेकू दिले, मग विटा एकेक करून काढल्या. तुळईचा तडा आईने सांगितला तसाच होता. हाताच्या बोटाएवढा रुंद. तिच्या जागी सागवानी तुळई बसविली आणि पश्चिमेचा पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेर कौलांची लहानशी छपरी काढली. फरशी जुनी शहाबादीच ठेवली. फक्त हलणारे तुकडे पक्के केले. उंबरठा तसाच राहिला. खांब आणि उंबरठा यांच्यामध्ये भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लाकडी दांडा लावला. ही सूचना नातवाची.

एक अडचण उरली होती. कोनाड्याची खिडकी झाली. मग आईचा तांब्या कोठे ठेवायचा? नातीने नकाशावर बोट ठेवले. भिंत दोन फूट रुंद, त्यामुळे खिडकीच्या आतल्या अंगाला चांगली हातभर फळी आपोआपच राहत होती.

काम संपले त्या दिवशी आई खाटेवरून उठली. सात पावले चालून तिने खांबाला हात लावला, उजवीकडे वळली आणि नेहमीच्या जागी हात नेला. तांब्या तेथेच होता. ती क्षणभर तशीच उभी राहिली.

"गार लागतोय," ती म्हणाली.