शेवटचा टप्पा

बाजाराहून बैलगाडी परत निघाली आणि गाव जवळ आले, की बैल न हाकता पाय उचलतात. त्यांना गोठ्याची ओढ लागते. पण जाणता गाडीवान नेमका तेव्हाच कासरा आवळून धरतो. गावाजवळच्या ओढ्याला उतार असतो. तिथे गाडी पळाली, तर माल जातो आणि माणसांचे हातपायही मोडतात.

सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्या मंडळींचेही असेच आहे. या धड्यात आपण त्यांच्या शेवटच्या टप्प्याची माहिती घेऊ.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला, समुद्र नाही. मुळा आणि प्रवरा सह्याद्रीत उगम पावतात, पण वाहतात पूर्वेकडे. त्यांचे पाणी गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला जाते. पश्चिमेचा समुद्र पाहायचा, तर आपल्याला घाट उतरून कोकणात जावे लागते.

महाराष्ट्राचा किनारा ७०० किलोमीटरहून अधिक लांब आहे. उत्तरेला पालघर जिल्हा, दक्षिणेला सिंधुदुर्ग जिल्हा. या किनाऱ्याने आठ-दहा जण मिळून सायकलवर निघतात. बहुतेक जण हिवाळ्यात जातात. वाटेत दिघी, दाभोळ, जयगड अशा ठिकाणी खाडी आडवी येते. तिथे फेरीबोटीत सायकल चढवायची आणि पलीकडे उतरायचे. रस्ता खाडीपर्यंत खाली येतो आणि लगेच जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो. चढ आणि उतार, दिवसभर हेच.

असे करत करत मालवण येते. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी तो १६६४ ते १६६७ या काळात बांधून घेतला. पुढे वेंगुर्ले, मग शिरोडे. शिरोड्याला मिठागरे आहेत. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्यानंतर रेडी, आणि रेडीच्या पुढे तेरेखोलचा किल्ला. हा किल्ला नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे आपल्याच बाजूला आहे, तरी तो गोव्यात मोडतो. कारण १७४६ साली पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून जिंकून घेतला. गोवा १९६१ साली मुक्त झाला, पण हद्द तीच राहिली. तेव्हा नदी न ओलांडताच माणूस गोव्यात पोचतो. महाराष्ट्राचा किनारा इथे संपतो.

आता मुद्द्याचे सांगतो. मालवण मागे पडले की मंडळी म्हणतात, “झालं, आता काय राहिलं!” मन घरी पोचलेले असते. पण अंग मात्र रस्त्यावरच असते, आणि ते थकलेले असते. गुडघे दुखतात. हॅन्डल धरून धरून बोटांना मुंग्या येतात. सायकलही थकलेली असते. शेकडो उतार उतरून ब्रेकचे रबर झिजते. खारी हवा आणि वाळू यांनी चेन कुरकुरते. मन पुढे, अंग मागे आणि ब्रेक कच्चे. अपघाताला आणखी काय पाहिजे?

म्हणून तीन गोष्टी पाळाव्या.

पहिली गोष्ट, शेवटच्या दिवशी सकाळी ब्रेक आणि टायर तपासावे. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक दाबल्यावर सायकल थांबायला साधारण चौपट अंतर लागते. ताशी १० किलोमीटरच्या वेगाला जी सायकल दोन हातांवर थांबते, तिला ताशी २० च्या वेगाला आठ हात लागतात. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून वापरावे. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर माणूस हॅन्डलवरून पुढे फेकला जातो.

दुसरी गोष्ट, पाणी पीत राहावे. आपल्याकडे उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते, कारण हवा कोरडी असते आणि माठावरचे पाणी भराभर उडून जाते. कोकणची हवा दमट. तिथे माठ तितका गार होत नाही. अंगावरचा घामही लवकर वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. घामाबरोबर मीठही जाते. लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी थोडे थोडे घ्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. मंडळी फुटू देऊ नये. शेवट जवळ आला की तगडे गडी पुढे सुटतात. मागे राहतो तो आधीच दमलेला असतो. त्याची सायकल पंक्चर झाली, त्याला चक्कर आली, तर बघायला कोणी नाही. म्हणून एका जाणत्या माणसाने शेवटपर्यंत सर्वांच्या मागे राहावे. पंप आणि पंक्चरचे सामान त्याच्याजवळ असावे. फाटा आला की पुढच्यांनी थांबावे, माणसे मोजावी, मगच निघावे.

ही रीत आपल्याला नवी नाही. निवृत्तिनाथांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून पंढरीला जाते. माऊलींच्या वारीत वेळापूरच्या अलीकडे वारकरी ‘धावा’ करतात. तुकोबांना तिथून कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. ओढ कोणाला नसते? पण धावा झाला तरी पुढे वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात आणि मगच पंढरपुरात जातात. दिंडीतली म्हातारी मागे राहिली, तर तिला सोडून कोणी जात नाही.

दहा जण निघाले आणि नऊ पोचले, तर त्याला पोचणे म्हणत नाहीत. दहावा आला, की प्रवास पुरा झाला. ऊस तोडून रात्री परतणारी टोळी असो की लग्नाचे वऱ्हाड, शेवटचे दोन कोस दमानं घ्यावे आणि सगळ्यांनी मिळून घरी यावे.

विचार करा आणि उत्तरे लिहा

१. तेरेखोलचा किल्ला नदीच्या कोणत्या काठावर आहे?
२. कोकणात घाम लवकर का वाळत नाही?
३. समजा, ६० किलोमीटर जायचे आहे. मंडळी ताशी १२ किलोमीटर जाते आणि वाटेत २ तास विसावा घेते. सकाळी ७ वाजता निघाली, तर किती वाजता पोचेल?
४. तुमच्या गावाजवळ धोक्याचा उतार कोणता? तिथे काय काळजी घ्याल?