पत्र्याचें कवच आणि कड्यांचें चिलखत

युरोपच्या इतिहासांतील सरदारांचीं चित्रें पाहिलीं म्हणजे विद्यार्थी आम्हांस बहुधा एकच प्रश्न विचारतात. ते वीर डोक्यापासून टांचेपर्यंत पोलादी पत्र्यांत मढलेले, आणि आमचे मराठे व रजपूत मात्र कड्यांच्या जाळीदार चिलखतांत. तेव्हां आमच्या लोकांस पत्रा घडवितां येत नव्हता काय? प्रश्नाच्या पोटीं थोडी खंत असते, म्हणून त्याचें उत्तर सावकाशीनें देणें बरें.

हा भेद आरंभापासून नव्हता. इ. स. १०६६ त इंग्लंड जिंकणारे नॉर्मन लोक, किंवा १०९६ त यरुशलेमकडे निघालेले क्रूसेडर, हेहि कड्यांचेंच चिलखत घालीत. त्यांच्याशीं लढणारे तुर्कहि तेंच वापरीत. पत्र्याचें पूर्ण कवच युरोपांत चौदाव्या शतकांत वाढत गेलें आणि पंधराव्यांत पूर्णत्वास पोहोंचलें. कारण शस्त्रांत आहे. कड्यांची जाळी तलवारीचा वार अडविते. परंतु घोड्याच्या दौडीचा जोर घेऊन आलेला भाला किंवा खटक्याच्या धनुष्याचा बाण ती फोडूं शकतो. गुळगुळीत, गोलाई दिलेल्या पत्र्यावरून तेंच टोंक घसरून जातें. आमच्याकडे वांकड्या तलवारीचा कापता वार मुख्य. त्यास जाळी व तिच्या आंत कापूस भरलेली बंडी पुरे. शिवाय छातीपाठीवर ‘चारआइना’ म्हणून चार पोलादी पत्रे, हातांवर दस्ताने व मस्तकीं शिरस्त्राण असे. म्हणजे पत्रा घडवितां येत होता. तो कोठें घालावा एवढाच विचार निराळा होता.

आतां लोखंडाकडे वळूं. लोहारा, देऊळगांव, सुरजागड हीं नांवें आमच्या वाचकांस परकीं नाहींत. या टापूंत पूर्वीं लांकडी कोळशाच्या लहान भट्ट्यांत, हातापायांच्या भात्यांनीं लोखंड काढीत. अशा भट्टींत लोखंड वितळत नाहीं. मळी मिसळलेला सच्छिद्र गोळा तयार होतो, व तो तापवून ठोकून शुद्ध करावा लागतो. लहान गोळ्यांतून तार ओढून कड्या करणें सोपें. छाती झांकील असा एकसंध पत्रा करणें अवघड. युरोपांत मोठ्या भट्ट्या व पाणचक्कीनें चालणारे घण आल्यावर मिलान, ऑग्सबुर्ग अशा शहरांत पत्र्यांचीं कवचें होऊं लागलीं.

तें कवच एकाच अंगाच्या मापाचें असे. चिलखत मात्र बापाचें मुलास होई, आणि तुटलेली कडी गांवचा लोहार बसवी. शौलाचें जड कवच दावीदानें चढवून पाहिलें व सराव नाहीं म्हणून उतरवून ठेविलें, ही कथा येथें आठवते. चिलखत वस्त्राखालींहि लपतें, इ. स. १६५९ त प्रतापगडाखालीं शिवाजीमहाराज अफझलखानास भेटले तेव्हां त्यांच्या अंगरख्याखालीं तें होतें.

उष्णतेचें कारण पुष्कळ सांगतात. तें खोटें नाहीं, पण एकटें पुरेसें नाहीं. वैशाखांतलें चांद्याचें ऊन कड्यांनाहि तापवितेंच. लढण्याची रीत अधिक महत्त्वाची. घाटवाटांनीं दौडणाऱ्या मराठी स्वारास वेग हवा. वैनगंगेपलीकडील बांबूच्या रानांत तर घोड्यालाच जागा नाहीं. तेथें पायीं चालणाऱ्याचें धनुष्य व कुऱ्हाड हींच खरीं. उलट, पत्र्याचें कवच घातलेला मनुष्य हलूंच शकत नसे ही समजूतहि भ्रामक आहे. २० ते २५ किलो वजन सर्वांगावर वांटलेलें असल्यानें तो आपला आपण घोड्यावर बसे. तथापि १४१५ त आझिनकूरच्या चिखलांत पायीं चालून गेलेल्या फ्रेंच सरदारांस तेंच वजन भोंवलें.

पुढें बंदुकीपुढें दोन्ही हरलीं. युरोपांतील कवच सतराव्या शतकांत आंखडत छातीच्या पत्र्यापुरतें उरलें. आमच्याकडे चिलखत त्याहून बराच काळ टिकलें. इ. स. १८१८ त चांद्याचा कोट तोफांनीं फोडला गेला, तेव्हां अंगावर काय घातलें आहे यास फारसा अर्थ उरला नव्हता.

विद्यार्थ्यांनीं नागपुरास गेल्यावर तेथील अजबखान्यांतील जुनीं शस्त्रें अवश्य पाहावीं. एखादें चिलखत कोठें दृष्टीस पडल्यास त्याच्या कडीचीं टोंकें निरखावीं. तीं बारीक खिळ्यानें सांधलेलीं असतील तर तें लढाईचें. नुसतीं भिडविलेलीं असतील तर बहुधा मिरवण्याचें.