कठोर माया

(आई मुलांचे लाड करते, तशी प्रसंगी कठोरही होते. एक पुस्तक आणि एक चित्रपट यांतील दोन मातांची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुलांनो, तुम्ही घरी अम्मीला हाक मारता. तुमचे मराठी मित्र ‘आई’ म्हणून हाक मारतात. आई मुलाचे किती अपराध पोटात घालते! पण प्रत्येक अपराध पोटात घालणे म्हणजेच माया का?

‘श्यामची आई’ हे साने गुरुजींचे पुस्तक. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतल्याबद्दल ते नाशिकच्या तुरुंगात होते. तेथे 1933 साली त्यांनी आपल्या आईच्या आठवणी लिहिल्या. 1935 साली त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या.

श्याम कोकणातल्या खेड्यातला मुलगा. घरची गरिबी होती. पण आई त्याचे हट्ट पुरवी. अंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये, म्हणून तो तिला लुगड्याचे ओचे पसरायला सांगे. आई ते पसरी. मात्र पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे ती त्याला सांगे. एकदा श्याम पोहायला घाबरून लपून बसला. तेव्हा याच आईने त्याला मारून विहिरीवर पाठवले. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, असे तिला वाटे. पुढे आई वारली, त्या वेळी श्याम तिच्याजवळ नव्हता. ते प्रकरण वाचताना आजही डोळे भरून येतात.

आचार्य अत्रे यांनी 1953 साली या पुस्तकावर चित्रपट काढला. 1954 साली राष्ट्रीय पुरस्कार प्रथमच देण्यात आले, तेव्हा सर्वोत्तम चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळाले.

दुसरी आई आहे ‘मदर इंडिया’ या हिंदी चित्रपटातील राधा. मेहबूब खान यांनी 1940 साली ‘औरत’ हा चित्रपट काढला होता. तीच कथा त्यांनी 1957 साली पुन्हा पडद्यावर आणली. राधाची भूमिका नर्गिस यांनी केली. राधाच्या लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढलेले असते. पिकाचा मोठा वाटा व्याजातच जातो. पुढे पती घर सोडून जातो, पुरात शेत बुडते. तरी राधा मुलांना घेऊन नांगर ओढते आणि त्यांना वाढवते.

धाकटा बिरजू आईचा फार लाडका. सावकाराने आईला छळले, हे तो विसरत नाही. तो डाकू होतो, सावकाराला ठार मारतो आणि त्याच्या मुलीला लग्नातून पळवून नेऊ लागतो. सावकार अन्यायी होता. पण त्याच्या मुलीचा काय दोष? राधा बंदूक उचलते. बिरजू थांबत नाही, तेव्हा ती गोळी झाडते आणि मग धावत जाऊन त्यालाच उराशी धरते.

श्यामची आई छडी उगारते, तर राधा बंदूक उचलते. दोघींचेही मुलांवर जिवापाड प्रेम आहे. मुलाच्या सुखापेक्षा त्याचे चांगले वागणे त्या मोठे मानतात. आई आपल्यावर रागावते, तेव्हा तिलाही किती दुःख होत असेल, याचा आपण कधी विचार करतो का?

शब्दार्थ
ओचे – लुगड्याचा पुढे खोचलेला भाग
सावकार – व्याजाने पैसे देणारा
जिवापाड – प्राणाइतके
अपराध पोटात घालणे – चूक माफ करणे

स्वाध्याय
1. श्यामच्या आईने श्यामला का मारले?
2. राधाने बिरजूवर गोळी का झाडली?
3. ‘उराशी धरणे’ हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
4. आई तुमच्यावर रागावली, असा एक प्रसंग पाच ओळींत लिहा.